या आपल्या नव्हेत

म्युझियममध्ये फिरून फिरून पायांचे तुकडे पडले होते, त्यात मावशींना गुडघ्यांचा त्रास, म्हणून मी त्यांना म्हटलं तुम्ही इथे बाकावर बसा, मी एवढं एक दालन बघून येते. पण त्या आल्याच मागोमाग. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममधलं उत्खननातल्या वस्तूंचं दालन, मंद उजेड, एसीचा गारठा आणि एका काचेच्या कपाटात ओळीने उभ्या असलेल्या मातीच्या बायका. वीतभरही उंची नाही. कमरेखाली पाय नाहीतच, नुसता खांब, तळाशी जरा पसरलेला, कुठेही ठेवली तरी उभी राहील असा. दोन्ही हात छातीखाली, दुधाने जड झालेले स्तन तोलून धरावेत तसे. काहींचे चेहरे साच्यातून काढलेले, कपाळावर कुरळ्या केसांच्या नीट ओळी. आणि काहींचे चेहरे नुसते चिमटीचे. म्हणजे ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की मधे नाक वर येतं, दोन्हीकडे डोळ्यांचे खळगे पडतात, झाला चेहरा. पावसाळ्यात अंगणातल्या मातीची माणसं करताना आम्हीही हेच करायचो. अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली आणि ती चिमूट अजून तशीच्या तशी आहे.

मावशींनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि काचेवर हात टेकवला. "बाळंतीण दिसतेय गं ही," म्हणाल्या, इतक्या मऊ आवाजात की मला त्यांची अलिबागची ओटी आठवली. मग मी लेबल वाचून त्यांना मराठीत सांगितलं, की या यहूदाच्या राज्यातल्या, म्हणजे जेरुसलेम राजधानी असलेल्या जुन्या राज्यातल्या, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातल्या, घराघरांतून सापडलेल्या. त्यांनी हात काढून घेतला. ओढणीला पुसला. "नाही नाही. या आपल्या नव्हेत," म्हणाल्या आणि वळून चालायला लागल्या.

एवढंच झालं. पण ते वाक्य माझ्यासोबत विमानात बसून घरी आलं.

मावशी म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं घर होतं, कौलारू, पुढे ओटी, दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली मेझुझाची, म्हणजे आत धर्मवचनाची गुंडाळी असलेली, डबी, जिला आत जाताना सगळे बोटं लावून ती बोटं ओठांना लावायचे. मी पण लावायचे, मला कोणी अडवलं नाही. आत भिंतीवर एलियाहू हनवीचं चित्र, अग्नीच्या रथातून आकाशात जाणारा म्हातारा, आणि काही नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, तो आमच्या घरीही वाटीत झाकून यायचा. सगळं आमच्यासारखंच वाटायचं, फक्त एक गोष्ट मला सापडत नव्हती आणि आठ-नऊ वर्षांची असताना मी ती विचारलीच. मावशी, तुमचा देव कुठे ठेवलाय? आमच्याकडे देवघर होतं, पितळी देव, चांदीचे टाक, दरवर्षी कोणी ना कोणी नवीन यायचं त्यात, आणि आजी म्हणायची देव मोजायचे नसतात. मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, आमचा देव ठेवत नाहीत गं, तो एकच आहे आणि तो दिसत नाही. मला त्या रात्री त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं होतं. दिसत नाही म्हणजे त्याला आंघोळ कोण घालणार, नैवेद्य कोणासमोर धरणार?

पुढे कळलं की त्या साध्या उत्तरामागे केवढं काय उभं आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची गोष्ट बेने इस्रायली घरांतून सांगतात, ती आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत असते. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवारतेली. कोकणात राहता राहता हिब्रू गेली, ग्रंथ गेले, कितीतरी सण गेले. उरलं काय तर शनिवार, सुंता, बिनखवल्यांचा मासा न खाणं, आणि एक ओळ. शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच एक ओळ, कारण दुसरं काही येतच नव्हतं. गावदेवी, वेताळ, म्हसोबा, खंडोबा असा चहूकडे देवांचा राबता असलेल्या मुलखात पिढ्यानपिढ्या या माणसांनी सगळं विसरून 'एक' हा शब्द तेवढा धरून ठेवला. मी जेव्हा जेव्हा हे कोणाला सांगते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून मावशींनी तो हात का मागे घेतला हे मला समजत होतं. आणि तरी त्या बायका जेरुसलेममध्येच सापडल्या होत्या, एक-दोन नाही, यहूदाभर शेकड्यांनी, आणि त्यातल्या खूपशा तर ज्या टेकडीवर मंदिर होतं त्याच टेकडीच्या उतारावरच्या घरांमधून. बहुतेक मानेशी तुटलेल्या. चुलीजवळच्या, घरातल्या केरकचऱ्याबरोबर गेलेल्या. त्या आपल्या नव्हेत, तर मग कोणाच्या?

परत आल्यावर मी वाचत सुटले, नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, कधी दोन-दोन वाजेपर्यंत. माझ्या डोक्यात लहानपणापासून एक चित्र होतं की अब्राहामाने बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या आणि त्या दिवसापासून देव एक झाला, किंवा मोशे सिनाय पर्वतावरून दगडी पाट्या घेऊन उतरला आणि तिथून सुरुवात. पण त्या पाट्यांवरची आज्ञा तरी नीट वाचा. माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत, असं म्हटलंय. दुसरे देव नाहीतच, असं नाही म्हटलेलं. बायबलमध्ये समुद्र पार केल्यावरच्या गाण्यात विचारलंय की हे परमेश्वरा, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे. ब्याऐंशीव्या स्तोत्रात तर देव देवांच्या सभेत उभा राहून बाकीच्या देवांना झाडतोय, की तुम्ही गरिबांचा न्याय करत नाही, अनाथांकडे बघत नाही, तुम्ही माणसांसारखे मराल. हे मी तीनदा वाचलं. त्या देवांचा गुन्हा काय, तर दुबळ्यांकडे बघत नाहीत. अनुवाद नावाच्या पुस्तकात, मोशेच्या शेवटच्या गाण्यात, एक ओळ आहे की परात्पराने राष्ट्रांच्या सीमा आखल्या त्या इस्राएलाच्या मुलांच्या संख्येप्रमाणे. पण मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याच ग्रंथाचा जो फाटका तुकडा मिळाला त्यात इस्राएलाची मुलं नाहीत, तिथे देवाची मुलं असं आहे. म्हणजे देवाच्या मुलांमध्ये एकेक राष्ट्र वाटून दिलं आणि याकोबाचं घराणं, म्हणजे इस्राएल, यहवेच्या वाट्याला आलं; यहवे हे इस्राएलाच्या देवाचं नाव. मधे कधीतरी कुठल्यातरी लेखनिकाने जपून एक शब्द बदलला. मला त्या लेखनिकाचा हात दिसतो, थबकलेला.

आणि ती देवाची मुलं कुठून आली तर उत्तरेकडे सीरियाच्या किनाऱ्यावर, १९२८ साली एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला, खाली थडगं निघालं, आणि पुढच्या वर्षीपासून खणता खणता उगारित नावाचं आख्खं शहर वर आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर म्हातारा दयाळू देव एल आहे, त्याची बायको अथिरत आहे, तिची सत्तर मुलं आहेत. एल. इस्राएल या नावातच तो बसलाय, आपण रोज उच्चारतो आणि लक्षात येत नाही. अथिरत म्हणजेच हिब्रूतली अशेरा.

सिनायच्या ओसाड भागात कुंतिलेत अजरुद नावाची टेकडी आहे, तिथे १९७५-७६ मध्ये पुरातत्त्वज्ञ झेव मेशेल यांनी खणलं तेव्हा इ.स.पू. आठशेच्या आसपासचे दोन मोठे रांजण मिळाले, प्रवाशांनी थांबायच्या जागी ठेवलेले. त्यांवर चित्रं, वासराला पाजणारी गाय, झाडाला तोंड लावलेले रानबोकड, वीणेसारखं वाद्य वाजवणारी बाई. आणि लिहिलेले आशीर्वाद, त्यांत उत्तरेकडची राजधानी शोमरोन येते. शोमरोनच्या यहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावाने तुम्हांला आशीर्वाद. त्याच्या अशेरेच्या! ही अशेरा म्हणजे देवी, का तिच्या नावाचा लाकडी खांब, यावर तज्ज्ञ अजून भांडतात आणि भांडोत बापडे, मला त्या क्षणी एवढंच वाटलं की कोणीतरी लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला निरोप देताना दोघांचंही नाव घेत होतं. आपण नाही का म्हणत, विठ्ठल-रखुमाई तुझं भलं करोत.

म्युझियममध्येच अरादच्या किल्ल्यातलं लहानसं मंदिर पुन्हा उभं करून ठेवलंय, तेही पाहिलं होतं. नेगेवच्या वाळवंटाकडच्या यहूदी शिपायांचं मंदिर. गाभाऱ्यात मूर्ती नाही, नुसता उभा दगड, आणि पायरीवर दोन धूपवेद्या, एक मोठी, एक लहान. वरच्या खळग्यात जळक्या थराची काळी वर्तुळं होती, ती २०२० मध्ये तपासली तर मोठीवर ऊद निघाला आणि लहानीवर गांजा, शेणात मिसळून मंद जाळलेला. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट लागली. त्या वेद्या फोडलेल्या नव्हत्या. कोणीतरी त्या आडव्या घातल्या होत्या आणि वर माती लोटली होती. झोपवल्यासारख्या. ज्याला कोणाला मंदिर बंद करायचा हुकूम आला असेल त्याचे हात थरथरले असतील, त्याला मोडवलं नसेल. भंगलेला देव आपण पाण्यात सोडतो तेव्हा शेवटच्या क्षणी बोटं सुटत नाहीत, ते ज्याने केलंय त्याला कळेल.

असे हुकूम देणाऱ्यांत सगळ्यात ठळक राजा योशीया, पण तो अरादच्या त्या वेद्यांनंतरच्या काळातला. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू असताना याजकाला नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली, ती ऐकून राजाने कपडे फाडले आणि मग देशभर साफसफाई सुरू केली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात ती यादी आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या आत अशेरा होती, लक्षात घ्या, आत. ती त्याने किद्रोनच्या ओढ्यापाशी नेऊन जाळली, कुटून भुकटी केली आणि सामान्य लोकांच्या थडग्यांवर फेकली. आणि एक अर्धं वाक्य, की मंदिरातल्या ज्या खोल्यांमध्ये बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत बसायच्या त्या खोल्या पाडल्या. त्या बायकांचं पुढे काय झालं ते पुस्तक सांगत नाही. त्या दिवशी मागावर अर्धवट राहिलेलं कापड मला दिसत राहतं.

पण एका जागी तशा बायका बोलल्या आहेत, आणि तीच जागा मला या सगळ्या ग्रंथातली सगळ्यात जिवंत वाटते. यिर्मया संदेष्टा तक्रार करतो की जेरुसलेमच्या गल्ल्यांमध्ये बघा काय चाललंय, पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका पीठ मळतात, कशासाठी तर आकाशराणीसाठी भाकऱ्या करायला. तो रागाने सांगतोय पण मला त्यात सणाच्या दिवशीचं घर दिसतं, सगळे कामाला लागलेले, धूर, पिठाचा वास. मग इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने जेरुसलेम जाळलं, मंदिर जाळलं, आणि जे लोक पळून इजिप्तला गेले त्यांच्यासोबत म्हातारा यिर्मयाही ओढला गेला. तिथे तो पुन्हा त्यांना सांगतो की हे सगळं तुमच्या त्या दुसऱ्या देवांमुळे झालं. आणि बायका, भर सभेत, उलट उत्तर देतात. आम्ही तिला धूप जाळत होतो तेव्हा आम्हांला पोटभर खायला होतं, बरं चाललं होतं, वाईट बघितलं नव्हतं. ते बंद केलं तेव्हापासून सगळ्याला मुकलोय, तलवारीने आणि उपासमारीने मरतोय. आणि आमच्या नवऱ्यांना न विचारता का आम्ही भाकऱ्या करत होतो?

विचार केला तर त्यांचा हिशोब खोटा नव्हता हो. योशीयाने साफसफाई केली, आणि तो स्वतः इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मारला गेला, आणि पंचवीसेक वर्षांत सगळं शहर राख. त्यांच्या डोळ्यांदेखत. मला थक्क करते ती गोष्ट अशी की ज्यांनी हे पुस्तक लिहून काढलं ते यिर्मयाच्या बाजूचे होते, त्यांना हे उत्तर गाळता आलं असतं. नाही गाळलं. विरुद्ध पक्षाच्या बायकांचा युक्तिवाद, त्यांच्या तोंडच्या शब्दांत, पवित्र ग्रंथात ठेवून दिला. म्हणूनच आज, इतक्या लांब, मी तो वाचू शकते.

आणि मातीच्या बायका? त्या विध्वंसानंतर यहूदात त्या जवळजवळ दिसेनाशाच होतात.

मग मी बाबेलकडे वळले, आणि खरं सांगते, इथे माझी बाजू बदलली. इथवर मी मनाने त्या विणणाऱ्या बायकांच्या खोलीत बसले होते. पण बाबेलला नेलेल्या लोकांचं काय झालं असेल ते बघा. त्या काळचा साधा नियम, ज्याचं सैन्य जिंकलं त्याचा देव मोठा. बाबेलचा देव मर्दुक जिंकला, यहवे हरला, त्याचं घरसुद्धा जळलं. निळ्या विटांच्या वेशीतून नववर्षाला मर्दुकाची मिरवणूक निघायची आणि हे लोक कालव्यांकाठी शेतं कसत होते. त्यांच्या वस्तीचं नावसुद्धा यहूदाचंच, अल-याहुदु, तिथले खंडाचे, कर्जाचे, कराचे कागद, म्हणजे मातीच्या पाट्याच, मिळाल्यात, सगळ्यात जुनी इ.स.पू. ५७२ ची. त्यांतल्या माणसांच्या नावांना अजून यहवेच्या नावाची शेपटी आहे. कर्ज फेडतायत, बार्ली मोजतायत, पोरांना त्याच हरलेल्या देवाची नावं ठेवतायत. साधं होतं ना, नवीन गाव, नवीन देव, बाकी कितीतरी उठवलेल्या लोकांनी तेच केलं आणि ते लोक म्हणून उरले नाहीत.

तिथे एक आवाज उठला, आपल्याला त्याचं नावही माहीत नाही, यशयाच्या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायापासून त्याचे शब्द जोडलेत म्हणून त्याला दुसरा यशया म्हणतात. तो म्हणाला, आपला देव हरला नाही. बाबेललाही त्यानेच आणलं, आता बाबेल पाडायला येणारा पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेशही त्याचाच माणूस. मीच पहिला, मीच शेवटचा, माझ्याशिवाय देवच नाही. आधी कोणी हे इतकं ठणकावून म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांना भजू नका असं म्हणून झालं होतं, आता दुसरे नाहीतच. ज्या लोकांकडे ना राजा, ना मंदिर, ना जमीन, त्यांनी सगळ्या जगाचा देव एक आणि तो आमचा असं म्हणणं, ही छाती कुठून आली असेल? मला वाटतं सगळं जळून गेल्यावरच ती येते. ज्या देवाला घर लागतं तो घरासोबत जळतो. ज्याला घर नाही, रूप नाही, तो कालव्याकाठीही असतो. आणि कोकणातही. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेश बाबेलमध्ये शिरला, बरेच जण परतले, बरेच राहिले. तरी गोष्ट लगेच आवरत नाही, त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या ज्यू शिपायांच्या वर्गणीच्या यादीत याहोसोबत, म्हणजे यहवेसोबत, अनात-बेथेल या देवीच्या नावानेही चांदी जमा आहे. आपल्याला बिनमूर्तीच्या, एकट्या देवाची सवय झालीये म्हणून वाटतं हे एका रात्रीत झालं. शेकडो वर्षं लागली, आणि घराघरांतल्या चुलींपर्यंत पोचायला आणखी.

त्या दुसऱ्या यशयात मी पुढे वाचत गेले आणि शेहेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले. बाबेलचे देव, बेल आणि नबो, जनावरांच्या पाठीवर लादून नेतायत, जनावरं दमलीत, देव वाकलेत. आणि त्यापुढे हा देव सांगतो, मी तुम्हांला उदरापासून वाहिलंय, तुमचे केस पिकेपर्यंत वाहीन. आधी बेचाळिसाव्यात तो म्हणतो, वेणा देणाऱ्या बाईसारखा मी ओरडेन, धापा टाकेन. आणि एकोणपन्नासाव्यात, बाई आपल्या तान्ह्याला विसरेल का, आणि समजा ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मला ती काचेतली बाई दिसली, छातीखाली हात धरलेली. हे कुठल्या तज्ज्ञाने म्हटलंय म्हणून नाही सांगत, मला आपलं वाटलं ते सांगते, की ती गेली नसावी. तिला जाळलं, कुटलं, थडग्यांवर उधळलं, आणि ती त्याच्या आवाजात शिरली. हिब्रूत करुणेला रहमीम म्हणतात आणि गर्भाशयाला रेहेम, एकाच धातूचे दोन शब्द. मुंबईत मशीद बंदरजवळ १७९६ मध्ये बेने इस्रायलांनी बांधलेलं सिनगॉग आहे, शार हारहमीम. दयेचं दार असं भाषांतर करतात. मावशींचं लग्न तिथेच झालं होतं.

त्या दिवशी म्युझियममधून आम्ही अश्दोदला त्यांच्या घरी परतलो, बसमध्ये दोघीही फारसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळपासून घराला वेग आलेला, सूर्य बुडायच्या आत सगळं व्हायला हवं, कारण विश्रांतीचा शनिवार तिथूनच सुरू होतो, चिंचेचं आंबट घातलेलं माशाचं कालवण, मनुका भिजत घातलेल्या, कारण किद्दुशला, म्हणजे शनिवारच्या स्वागताच्या प्रार्थनेला, त्यांना अजून मनुकांचंच सरबत लागतं. अलिबागला शुक्रवारच्या पोळ्या असायच्या, इथे येऊन त्या 'हल्ला' नावाची वेणीसारखी पाव-भाकरी करायला शिकल्या. मुलं-नातवंडं धरून दोन किलो पीठ भिजवलं होतं. परातीत फुगून वर आलेला गोळा, त्यावर ओला पंचा. मावशींनी हात धुतले, डोक्यावर ओढणी घेतली, पुटपुटत काही म्हटलं, आणि गोळ्यातून अंगठा-तर्जनीच्या चिमटीने एक लहानसा तुकडा तोडला. त्याचं काय, मी विचारलं. "हा आपण नाही खायचा. मंदिर होतं तेव्हा याजकाला द्यायचे, आता जाळायचा." मंदिर जळून इतकी वर्षं झाली तरी? "तरी. हे बायकांचंच काम आहे गं."

ओव्हनच्या कोपऱ्यात ठेवायला तो तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. फॉइलमध्ये गुंडाळायच्या आधी मी बघितलं. कोमट, जिवंत पीठ, हळूहळू परत फुगत होतं, आणि मधे त्यांच्या चिमटीने वर आलेली कड, दोन बाजूंना दोन खळगे.

"बघतेस काय," मावशी म्हणाल्या, "ठेव लवकर, उजेड चाललाय."